चिंबोऱ्या सोडायला साक्षीदार

सर्व लहानथोर, विवाहित, अविवाहित आणि विशेषतः मत्स्यप्रेमी वाचकांस कळवण्यात येते की, विज्ञानाच्या इतिहासात जिची नोंद व्हायलाच हवी होती आणि कोणीही केली नाही, अशी एक महत्त्वाची घटना साठच्या दशकात पालघरजवळच्या माहीमच्या खाडीवर घडली. घटनेला सरकारी साक्षीदार एकच होता. तो मी. कृपया शांतता राखावी.

मी तेव्हा तारापूरच्या किनाऱ्यावर एका संशोधन केंद्रात मदतनीस होतो. केंद्र म्हटल्यावर डोळ्यांपुढे फार काही उभं करू नका. भाड्याचा एक बंगला, मागच्या पडवीत सिमेंटच्या टाक्या, समुद्राचं पाणी ओढणारा एक पंप, जो ओढायचा कमी आणि खोकायचा जास्त, आणि अंगणात एक सुरूचं झाड. आमच्यापासून थोड्या अंतरावर वीज तयार करायचा केवढा तरी मोठा कारखाना उभा राहत होता. बोईसर स्टेशनात दिवसभर लोखंड उतरायचं, मजुरांच्या हिंदीने चहाची टपरी दुमदुमायची, आणि बाहेरदेशीचे इंजिनियर जीपमधून धूळ उडवत जायचे. आमच्या बंगल्याकडे कोणी वळूनही पाहत नसे. पण कारखाना सुरू झाला की समुद्रात कोमट पाणी येणार, तेव्हा तिथल्या रहिवाशांना, म्हणजे मासे, कालवं, चिंबोऱ्यांना काय वाटेल, हे आधीच विचारून ठेवावं म्हणून ठिकठिकाणचे शास्त्रज्ञ आमच्याकडे येऊन राहायचे. आम्ही त्यांना ‘पाहुणे’ म्हणायचो.

पाहुण्यांना प्रयोग करणं सोपं जायचं. घाम फुटायचा तो प्रयोग संपल्यावर.

आमचे साहेब, म्हणजे केंद्राचे प्रमुख, बुटके, टापटिपीचे आणि तत्त्वांच्या बाबतीत खडकासारखे होते. त्यांचं म्हणणं असं, की प्रयोग कोणीही करतो. माणूस कसा आहे ते तो आवरतो कसा यावर कळतं. म्हणून पाहुण्याने निघण्याआधी स्वतःची काचेची भांडी स्वतः घासायची. कलकत्त्याचे एक मोठे प्रोफेसर, ज्यांच्यापुढे विद्यार्थी उभे राहायला घाबरत असत म्हणे, आमच्या हौदापाशी उकिडवे बसून नळकांड्या घासताना मी या डोळ्यांनी पाहिलेत. टाकीही स्वतः खरवडायची. मग अंगणात आमच्यासमोर उभं राहून, आपण काय केलं ते साध्या भाषेत सांगायचं. ‘आमच्यासमोर’ म्हणजे मी, पहारेकरी, पंप बघणारा आणि स्वयंपाकाच्या बाई. बाईंनी “समजलं” म्हटल्याशिवाय भाषण संपलं असं धरत नसत. बाई बहुधा चुलीवरचं दूध वर यायला लागलं की “समजलं” म्हणायच्या, पण हे गुपित मी कोणत्याही पाहुण्याला कधी फोडलं नाही.

आणि सगळ्यात शेवटचा, सगळ्यात कडक नियम. प्रयोगात जे जीव वाचतील ते जिथून आणले तिथेच, भरतीच्या वेळी, केंद्राच्या एका माणसासमक्ष पाण्यात सोडायचे. “समुद्र आपल्या वडिलांचा नाही,” साहेब म्हणायचे, “उसनं आणलंय, परत करा.” केंद्राचा माणूस म्हणून जायचं काम माझ्याकडे होतं. जीव पाण्यात गेले की मी “पाहिलं” म्हणायचं, आणि मग पाहुणा मोकळा. नियम तिथे संपत असे. पुढचं काही त्यात नव्हतं. हे लक्षात ठेवा.

तर त्या वर्षी, थंडी सरता सरता, नागपूरहून एक पाहुणे आले. घराणं मूळचं वसईकडचं, बागायतदारांचं. पण वडील रेल्वेत लागले, बदली होऊन नागपूरला गेले, आणि हे तिकडेच वाढले. तिशी ओलांडलेली, कान मोठे, आवाज लहान. विषय खेकडे. माहीमच्या खाडीतून त्यांनी डझनभर चिंबोऱ्या आणवल्या, वेगवेगळ्या टाक्यांत वेगवेगळ्या गरम पाण्यात ठेवल्या, आणि कोण कुठली ते कळावं म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर लाल तेलरंगाचा एकेक ठिपका दिला. कुणाच्या मधोमध, कुणाच्या उजवीकडे, कुणाच्या काठाशी. तीन आठवडे हा माणूस त्या टाक्यांवर वाकून बसला होता. मला दाट संशय आहे, की त्याने त्यांना नावंही ठेवली होती.

परिणाम व्हायचा तोच झाला. हा मनुष्य चिंबोरी खाईनासा झाला. आमच्या बाईंनी पहिल्याच रविवारी कालवण केलं तेव्हा त्यांनी ताट हळूच दूर सारलं आणि म्हणाले, “माझं त्यांच्याशी कामाचं नातं आहे.”

“मग मी काय करू? बैठकीला बोलवू त्यांना?” बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना वांग्याची भाजी वाढू लागल्या.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एका संध्याकाळी पाहुण्यांनी मला सुरूच्या झाडाखाली गाठलं आणि मन मोकळं केलं. आत्तापर्यंत त्यांना कितीतरी मुलींनी नाकारलं होतं. कारण एकच. कोणी विचारलं, काय करता, की हे खेकड्यांविषयी सांगायला लागायचे आणि थांबायचं विसरायचे. आता आईने माहीमच्या एका बागायतदाराची मुलगी सुचवली होती. आपल्याच लोकांतली, मॅट्रिक झालेली. फोटो आला होता. तो त्यांनी मला दाखवला. मग खिशात ठेवला. मग परत काढून स्वतः पाहिला.

“ह्या वेळी बिघडता कामा नये हो,” ते म्हणाले. “आईने पत्रात दोन गोष्टी बजावल्यात. खेकड्यांबद्दल बोलायचं नाही. आणि मी ते खात नाही, हे तर त्या घरात मुळीच सांगायचं नाही. खाडीकाठची माणसं. म्हणतील, मुलगा आजारी आहे.”

आई शहाणी होती. पण आईला आमचे साहेब माहीत नव्हते.

प्रयोग संपला. भांडी घासून झाली, टाकी खरवडून झाली, अंगणातलं भाषण बाईंच्या दुधामुळे थोडक्यात आटोपलं. उरल्या जिवंत चिंबोऱ्या. पाहुण्यांची रजा संपत आली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरची गाडी गाठायची होती, म्हणजे चिंबोऱ्या सोडायला एकच दिवस. ते साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. मी दाराशी होतोच. असले प्रसंग मी चुकवत नाही.

“सर, माहीमला भरती चारच्या सुमाराला आहे. आणि मुलगी बघण्याचा कार्यक्रमही चारलाच आहे. माहीमलाच.”

“मग एक पुढे ढकला,” साहेब म्हणाले.

“मुलीकडचे ऐकणार नाहीत, सर.”

“मग भरतीला विचारून बघा.”

“सर, ह्यांच्याबरोबर चिंबोऱ्या पाठवल्या तर? मी मुलीकडे जातो, हे खाडीवर जातील.”

“आणल्या कोणी? तुम्ही. सोडणार कोण? तुम्ही.” साहेबांनी चष्मा पुसला. “शिवाय गाव एकच आहे. मी म्हणतो, सोय किती छान झाली बघा.”

झालं. बिस्किटांचा एक मोठा चकचकीत पत्र्याचा डबा रिकामा केला, झाकणाला भोकं पाडली, चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीने बांधून त्यांना आत ओल्या गोणपाटात निजवलं. पाहुण्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, आणि तीन आठवड्यांचा वास लपवायला इतकं अत्तर चोपडलं, की बोईसरहून पालघरच्या पॅसेंजरमध्ये आमच्या बाकावर दुसरं कोणी बसलंच नाही. पालघरला आम्ही माहीमची एसटी धरली. डबा आतून खरखरायला लागला तसा कंडक्टर थांबला.

“यात काय हाय?”

“शास्त्रीय साहित्य,” पाहुणे म्हणाले.

कंडक्टरने कान लावून ऐकलं. “शास्त्र चांगलं भरलेलं दिसतंय,” तो म्हणाला, आणि वास घेऊन पुढे गेला.

वाटेत मी त्यांना डावपेच शिकवला: डबा अंगणात कुठेतरी सावलीला ठेवायचा, चहा घ्यायचा, मुलगी बघायची, आणि “जरा खाडीवरून फेरफटका मारून येतो” म्हणून सटकायचं. उत्तम बेत होता. मी आजही त्यावर ठाम आहे.

घर वाडीत होतं. पानवेलींचे मांडव, केळी, पाटाचं पाणी, अंगण सारवलेलं. दारात मुलीचे वडील उभे होते, धोतर, काळी टोपी, आणि त्यांच्या शेजारी त्यांची थोरली बहीण, मुलीची आत्या. घरात सत्ता कोणाची आहे ते माणूस उभं कसं राहतं यावरून कळतं. आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“या, या! आनि हे काय आनलंत? बिस्किटं?” असं म्हणत त्यांनी पाहुण्यांच्या हातातून डबा काढूनही घेतला. पाहुणे तोंड उघडणार तोच आत्याबाईंनी डबा कानाशी नेला, डोळे मोठे केले, झाकण तिथल्या तिथे जरासं उचललं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद फुलला तो मी शब्दांत काय सांगू! “अगो बाय! चिंबोऱ्या हायत! जित्या!”

वडील पुढे आले, डोकावले, आणि त्यांनी पाहुण्यांच्या पाठीवर थाप मारली. “नागपूरचे म्हनून आमाला धाकधूक होती. आजवर आले ते पेढेच घेऊन आले. ह्यांला कळतं!”

डबा स्वयंपाकघरात गेला. पाहुणे माझ्याकडे बघत राहिले, आणि मी छताकडे.

आम्हाला पाटावर बसवलं. पोहे आले. पोह्यांपाठोपाठ मुलगी चहा घेऊन आली, कप ठेवले, पाहुण्यांकडे एकदा सरळ बघितलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. फोटोपेक्षा बरीच धीट वाटली.

“मंग,” वडील म्हणाले, “तुमी नक्की करता काय?”

आईची पहिली ताकीद आठवून पाहुण्यांनी घसा साफ केला. “सरकारी संशोधन.”

“कशाचं?”

“समुद्राचं. सर्वसाधारण.”

“सर्वसाधारन म्हंजे?”

घामाचा एक थेंब अत्तरात मिसळून कानामागून उतरला. “चिंबोऱ्या गरम पाण्यात ठेवतो,” ते म्हणाले.

वडील विचारात पडले. “आमीबी तेच करतो,” ते म्हणाले. “फक्त मसाला जास्त.”

दारातून खुदकन आवाज आला. इतक्यात स्वयंपाकघरातून आत्याबाईंची हाक आली, आणि हाकेमागून त्या स्वतः आल्या, हातात बांधलेली एक चिंबोरी. चेहरा पार बदललेला.

“हिला कुंकू लावलंय,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांला लावलंय!”

वडील उठून उभे राहिले. चिंबोरीच्या पाठीवर मधोमध तो लाल ठिपका. दोघं बहीणभाऊ हळू आवाजात बोलायला लागले. कुंकू लावलेलं म्हणजे पुजलेलं. दर्याला नवसाचं बोललेलं असेल. कुंकवाचं शिजवायचं कसं? घरात लग्नाची बोलणी चाललेली, आणि आपण कुंकवावर सुरी धरायची? “नाय बा,” आत्याबाई म्हणाल्या, “हे शिजवू नये. दर्याचं दर्याला दिलं पायजे.”

वाचकहो, पाहिलंत? आमचं सगळं काम आपोआप झालं होतं! चिंबोऱ्या खाडीत जाणार, साहेबांचा नियम पाळला जाणार, शिवाय मुलगा धार्मिक ठरणार. पाहुण्यांनी फक्त मान डोलवायची होती. मी डोळ्यांनी खुणावत होतो, गुडघ्याने ढोसत होतो.

“ते कुंकू नाही,” पाहुणे म्हणाले. “तेलरंग आहे. ओळखायला लावलाय.”

शास्त्रज्ञ! प्रामाणिक!

“असं होय!” आत्याबाईंचा जीव भांड्यात पडला. “मंग खरवडून टाकते,” आणि त्या वळल्या.

“नको!” पाहुणे उभे राहिले. पोह्यांची बशी कलंडली. “त्या मी तुम्हाला दिलेल्या नाहीत. त्या परत सोडायच्या आहेत.”

मुलगी बघायला आलेला मुलगा, आणलेली भेट, शिजायच्या आत, परत मागतो आहे! वडिलांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “आमच्यात दिलेलं परत घेत नाय. तुमच्या नागपुरात घेत असतील.”

पाहुण्यांच्या मोठ्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, चला, आणखी एक नकार. मी चपला कुठे काढल्यात ते आठवू लागलो.

“का सोडायच्या?” मुलगी म्हणाली.

तिच्याकडे सगळ्यांनीच बघितलं. पाहुण्यांनी आईच्या ताकिदीचा एक क्षण विचार केला असावा. मग बहुधा वाटलं असेल, बुडालोच आहोत. ते बोलू लागले. अंगणात जे भाषण दुधामुळे अर्धवट राहिलं होतं ते इथे पुरं झालं. कारखाना सुरू झाला की ह्याच किनाऱ्याला कोमट पाणी लागणार. मग चिंबोऱ्या राहतील की जातील, हे कोणाला तरी बघायला हवं होतं. ह्या तुमच्याच खाडीतल्या. तीन आठवडे त्यांनी गरम पाणी सोसलं. “काम झालं की घरी पोचवणं आलं ना,” ते म्हणाले. “मागून आणल्या होत्या.”

“मागून? कोनाकडून?” वडील म्हणाले.

“खाडीकडून.”

मुलीने विचारलं, “मंग ह्या जगल्या, म्हंजे राहतील?”

“बऱ्याचशा राहतील. पाणी फारच तापलं तर खोल जातील. मी आणखी बघणार आहे.”

“समजलं,” मुलगी म्हणाली. आणि माझी शपथ, ह्या वेळी चुलीवर कुठेही दूध नव्हतं.

वडील अजून तोंड फिरवून उभे होते. पण आता घरची मुलगीच निघाली म्हटल्यावर काय करणार? तिने आत्याच्या हातातली चिंबोरी घेतली, स्वयंपाकघरातून डबा उचलून आणला आणि म्हणाली, “भरती लागलीय. चला.” मग वडील निघाले, आत्याबाई निघाल्या, आणि त्यांच्या कमरेला एक रिकामी टोपलीही निघाली, जी मी पाहिली आणि ज्याबद्दल मी गप्प राहिलो.

खाडीचं पाणी काठाच्या झुडपांना लागलं होतं. आता सुतळ्या सोडायच्या. केंद्रात पाहुणे हे काम चिमट्याने करत, चिमटा तारापूरला. त्यांनी बोट पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं. मुलगी चिखलात उकिडवी बसली, चिंबोरीला मागून धरलं आणि सुतळी सोडून दिली. “तुमी नुसतं पान्यात ठेवा,” ती म्हणाली. मग ती सोडत गेली आणि ते ठेवत गेले, आणि प्रत्येकीबद्दल काहीतरी सांगत गेले: ही चिडकी, ही खायला मागायची, आणि उजवीकडे ठिपकेवाली ही सगळ्यात गरम टाकीत राहिलेली. थांबायचं विसरले. ती ऐकत होती. मुलगी बघण्याचा कार्यक्रम म्हणतात तो खरा तिथे झाला, आणि बघणारा कोण नि दाखवणारा कोण ते मला नीटसं सांगता येणार नाही.

शेवटची चिंबोरी पाण्यात गेली. मी छाती पुढे काढून सरकारी आवाजात म्हणालो, “पाहिलं.”

आता गंमत अशी, की तीन आठवडे सरकारी पाहुणचार घेतलेल्या त्या चिंबोऱ्या सुस्तावल्या होत्या. काही गेल्या, तीन-चार मात्र तिथेच, घोट्याएवढ्या पाण्यात, विचार करत बसल्या.

“सोडल्या ना?” आत्याबाईंनी मला विचारलं.

“सोडल्या.”

“नियम झाला?”

“झाला.”

“मंग सरकारचं काम संपलं. आता आमचं.” त्यांनी पदर खोचला, पाण्यात पाय घातला, आणि एकीला अलगद मागून उचलून टोपलीत टाकलं. साहेबांच्या नियमात पुढचं काही नव्हतं, हे तुम्हाला मी आधीच सांगितलंय.

वडिलांचा चेहरा तेव्हा कुठे खुलला. दिलेली भेट परत गेली नव्हती; फक्त खाडीवरून फिरून आली होती. “जेवूनच जायचं दोघांनी,” ते म्हणाले.

“पयली नांगी जावयाला!” आत्याबाई पाण्यातून ओरडल्या.

जावई! शब्द निघाला होता. वडिलांनी खोडला नव्हता. आता पाहुण्यांनी फक्त एक रात्र, एक वाटी कालवण, डोळे मिटून गिळायचं होतं. मी त्यांचा दंड दाबून धरला. पण आत्याबाईंनी वर काढलेली दुसरी चिंबोरी नेमकी उजवीकडे ठिपकेवाली होती. पाहुण्यांनी तिच्याकडे बघितलं. मग मुलीकडे बघितलं.

“मी चिंबोरी खात नाही,” ते म्हणाले.

“आज नाय?” वडील म्हणाले.

“कधीच नाही.”

आत्याबाईंचा हात हवेतच राहिला. “मंग खाता काय?” आजाऱ्याला विचारावं तशा हलक्या आवाजात त्यांनी विचारलं.

“वांगी.”

वडील पाण्याकडे बघू लागले. ज्या घरात लेकराला बाराव्या महिन्यात नांगी चोखायला देतात, त्या घरची मुलगी वांग्यांवर द्यायची? त्यांचा तो ‘नाही’ ओठांपर्यंत आलेला मला स्पष्ट दिसला. त्या काळी मुलीने अशा वेळी खाली बघायचं असतं, बोलायचं तर मुळीच नसतं. ती चिखलाच्या हातांनी सुतळी गुंडाळत बसली होती. ती ताडकन उठली, आणि खाडीपलीकडच्या माणसालाही ऐकू जावं अशा आवाजात तिच्या तोंडून निघून गेलं:

“नाय खात तर नाय खात, आत्या! जल्मभर त्यांच्या वाटनीच्या नांग्या मला!”